घरी शिकणाऱ्या पोरांचं गणित आणि व्याकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहर, कागल, इचलकरंजी, गडहिंग्लज अशा सगळीकडनं होमस्कूलिंग करणारे आईवडील जे प्रश्न सारखे पाठवतात ते इथं एकत्र केलेत. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दात ठेवलेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तर तिथं नंबर दिलाय, तेवढं बघून घ्या.

१. पोराला शाळेत न घालता घरी शिकवतोय, हे कायद्यात बसतं का? आणि दहावीचं काय करायचं?

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे आणि त्यात होमस्कूलिंगचा उल्लेखच नाहीये. कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण नाही घातलं तर पालकांना शिक्षा किंवा दंड असं काही त्यात लिहिलेलं नाही. या मधल्या जागेतच देशभरातली कुटुंबं घरी शिकवतायत. हे माहीत असूनच निर्णय घ्या.

दहावीसाठी बहुतेक जण एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडं जातात. तिथं दहावीला किमान वय १४ लागतं, पाच विषय घ्यायचे, त्यात एक तरी भाषा पाहिजे. रजिस्ट्रेशन पाच वर्षं चालतं आणि तेवढ्यात परीक्षेला नऊ संधी मिळतात, म्हणजे एकेक दोनदोन विषय करून सोडवता येतात. राज्य सरकारचं मुक्त विद्यालय मंडळ पण आहे, त्याच्या पाचवी, आठवी, दहावी, बारावीच्या परीक्षा असतात.

पुस्तक निवडताना याचा अर्थ एवढाच की तेरा-चौदापर्यंत कुठला धडा कधी घ्यायचा हे तुमच्या हातात आहे. तिसरीत भागाकार झालाच पाहिजे असं कुणी दारात येऊन विचारणार नाही.

२. सुरुवात कुठल्या पुस्तकानं करू? बालभारती, एनसीईआरटी का बाहेरचं?

बालभारती. पहिली दोन वर्षं तरी. पीडीएफ फुकट मिळतात, पुस्तक छापील घेतलं तरी महाग नाही, आणि भाषा घरातली आहे. शिवाय उद्या पोरगं शाळेत घालावं लागलं (प्रश्न १६) तर गाडी रुळावरच असते.

एनसीईआरटीची (केंद्राच्या संस्थेची) नवी गणिताची पुस्तकं, म्हणजे २०२४ ला आलेलं सहावीचं 'गणित प्रकाश' वगैरे, विचार करायला लावण्यात फार चांगली आहेत. कोडी, नमुने शोधणं, का असं होतं ते सांगा, असं बरंच काही असतं, पण नुसती उदाहरणं घासायला कमी पडतात. त्यामुळं आमच्याकडं बरेच जण सरावाला बालभारती आणि डोकं चालवायला एनसीईआरटी असं दोन्ही मिळून वापरतात आणि ते छान जमतं.

पण पुस्तक घ्यायच्या आधी एक काम करा. पोरानं गेल्या महिन्यात केलेल्या गणिताची वही घ्या आणि बरोबर किती हे न मोजता चुकलेली उदाहरणं नुसती बघत बसा. ५२ वजा ३७ बरोबर २५ लिहिलंय का? ३०२ वजा १४८ बरोबर २४६ लिहिलंय का? म्हणजे पोरगं प्रत्येक घरात मोठ्यातनं लहान वजा करतंय, वर काय खाली काय ते बघतच नाहीये. त्याला वजाबाकीची अजून शंभर उदाहरणं दिली तर ते शंभर वेळा तेच करेल. त्याला काड्यांचे गठ्ठे पाहिजेत, पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या समोर ठेवून सदतीस काढून दाखव म्हणायचं, मग गठ्ठा सोडायची वेळ त्याची त्याला कळते. दुसरं पोरगं तेच उदाहरण ५२ वजा ३७ बरोबर १६ असं चुकवतं, त्याला गठ्ठा सोडणं समजलंय, फक्त मोजताना एक इकडं तिकडं झालाय, त्याला सराव पाहिजे. उदाहरण एकच, पण दोघांचं पुस्तक वेगळं. ही वही बघितल्याशिवाय कुठलं पुस्तक चांगलं हे सांगताच येत नाही.

३. मास्टरी आणि स्पायरल म्हणजे काय? बाहेरच्या पुस्तकांच्या जाहिरातीत सारखं येतं.

मास्टरी म्हणजे एक विषय पूर्ण पक्का होईपर्यंत तोच धरायचा. मॅथ-यू-सी नावाचा अमेरिकन अभ्यासक्रम असाच आहे, त्याच्या एका लेव्हलमध्ये मुख्य काम गुणाकाराचंच, पुढच्या लेव्हलला भागाकार, त्याच्या पुढं अपूर्णांक. स्पायरल म्हणजे थोडं थोडं सगळं आणि परत परत फिरून तेच. सॅक्सन मॅथ या बाजूचं, रोज नवीन अगदी थोडं आणि बाकी सगळी मागची मिसळलेली उदाहरणं. आपलं बालभारतीचं पुस्तक धड्याधड्यानं जातं पण दरवर्षी तेच धडे मोठे होऊन परत येतात, त्यामुळं ते मधलं कुठंतरी बसतं.

कुणाला काय? जे पोरगं विषय बदलला की गोंधळतं, ज्याला एक गोष्ट पुरी झाल्याचं समाधान लागतं, त्याला मास्टरी. जे आज आलेलं पंधरा दिवसात विसरतं किंवा एकाच पानावर कंटाळतं त्याला स्पायरल. आणि यासाठी नवीन काही विकत आणायची गरज नाहीये, हे मी मुद्दाम सांगते. बालभारतीचं पुस्तकच स्पायरल करता येतं, रोज आजच्या धड्यातली चार आणि मागच्या तीन धड्यातली दोन दोन उदाहरणं वहीत काढून द्यायची, झालं. मास्टरी करायची असेल तर दुसरी-तिसरीचे बेरीज-वजाबाकीचे धडे सलग घ्या आणि मोजमापं, आकृत्या नंतर घ्या, काही बिघडत नाही.

४. त्रेचाळीस सांगितलं की ३४ लिहिते, बाकी हुशार आहे. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आईवडील घाबरून जातात, कुणीतरी डिस्लेक्सिया (वाचन-लेखनाची अडचण) असेल म्हणून सांगतं आणि घरात टेन्शन.

आधी हे बघा की मराठीत आकडा बोलताना एकक आधी येतो. त्रे-चाळीस. कानावर तीन आधी पडतो म्हणून हात तीन आधी लिहितो, यात पोरीचा काय दोष आहे? त्यात एकोणची भर. एकोणचाळीस म्हटलं की चाळीस ऐकू येतं आणि पोरं ४९ किंवा ४१ लिहितात. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणनव्वदपर्यंत हे चालतं आणि नव्याण्णवला नियमच मोडतो. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' अशी वाचायची पद्धत जोडीला दिली होती ती याच कारणासाठी. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी ती बाजू मांडली होती, आणि त्यावरनं पार विधानसभेपर्यंत चर्चा गेली. भाषेचं काय होणार ही काळजी मला समजते, पण सहा-सात वर्षाच्या पोरासमोर बसून शिकवताना ही पद्धत उपयोगी पडते हे मी बघितलंय.

तपासायचं असं. तिला ४३ चणे द्या आणि दहा-दहाचे ढीग करायला सांगा, मग किती झाले ते लिही म्हणा. चार ढीग तीन सुटे बघून तिनं ४३ बरोबर लिहिलं तर तिची दशक-एककाची समज पक्की आहे, अडचण फक्त नावाची आहे. मग काही आठवडे दोन्ही म्हणायचं, 'चाळीस तीन, त्रेचाळीस', 'चाळीसला एक कमी, एकोणचाळीस', आणि शंभर मण्यांची माळ दहा दहाच्या रंगांनी ओवून भिंतीवर लावायची, आकडा म्हणत मण्यावर चिमटा लावायचा. महाद्वार रोडला मणी आणि दोरा आरामात मिळतो. लिहिताना आधी दशक म्हणत लिहायचं, चाळीस म्हणून ४ आणि तीन म्हणून ३.

ढीग बघूनही ३४ लिहिलं तर मात्र दशक-एककच कच्चं आहे, मग पुढचे धडे थांबवा आणि तेच घ्या. वय वाढूनही आकडे, अक्षरं, दिशा सगळ्यातच गोंधळ असेल तर प्रश्न १२ बघा.

५. पाढे पाठ करून घ्यायचे का समजून? आजी म्हणते तिसापर्यंत पाहिजेतच.

दोन्ही, आणि आजीला सोबत घ्या. दहापर्यंतचे पाढे तोंडपाठ पाहिजेतच, नाहीतर पाचवीला भागाकार आणि अपूर्णांक करताना पोरगं प्रत्येक पायरीला अडतं आणि मग त्याला वाटतं की मला गणित येत नाही. पण आधी दोन-दोन चपलांच्या जोड्या, पाच-पाचची नाणी असं गटानं मोजून झालेलं असू दे. अकरा ते तीस हे ज्याला आवडतं त्यानं करावं.

आजीकडं अजून एक खजिना असतो तो म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी. जुन्या उजळणीत हे अपूर्णांकांचे पाढेच होते. सगळी पाठ करायची गरज नाही, पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द पोरांच्या कानावर असतातच, लक्ष्मीपुरीच्या बाजारात दीड किलो कांदा आणि पाव किलो मिरची घेताना रोजचेच आहेत. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश लिहिणाऱ्या पोराला मी एकच विचारते, दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा मोठा का लहान? अर्ध्यात भर घालून अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं हे त्याचं त्याला खटकलं पाहिजे.

६. नुसती आकडेमोड येते पण शाब्दिक उदाहरण आलं की पेन खाली ठेवतो.

पहिला प्रश्न, त्याला वाचता येत नाहीये का समजत नाहीये? तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकून सुटलं तर अडचण वाचनाची आहे, गणिताची नाहीच. तर काही दिवस तुम्हीच वाचा आणि वाचनावर वेगळं काम करा (प्रश्न १० आणि ११).

ऐकूनही सुटत नसेल तर पट्टी काढायला शिकवा. सिंगापूरनं १९८० च्या दशकात ही पद्धत शाळेत आणली. आधी वस्तू, मग चित्र, मग आकडे या क्रमानं जायचं, आणि चित्र म्हणजे साधा लांब चौकोन. समजा उदाहरण असं आहे: गुळाचा ३० किलोचा रवा (ढेप) आहे, त्यातला पाचवा भाग विकला, उरलेल्यातला अर्धा पाहुण्यांना दिला, किती दिला? पोरगं लांब पट्टी काढतं, पाच भाग करतं, एक भाग म्हणजे ६, एक खोडला, उरले चार म्हणजे २४, त्यातले दोन म्हणजे १२. एकही सूत्र लागलं नाही. आणि ज्यानं गुऱ्हाळावर रवा बघितलाय त्याला हे उदाहरण लगेच कळतं.

उदाहरणं इथलीच घ्या. पावसाळ्यात तर पुस्तक बाजूला ठेवलं तरी चालतं. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी रोज फूट-इंचात येते, इशारा ३९ फूट आणि धोका ४३ फूट हे कोल्हापुरातल्या पोराला सांगावं लागत नाही. सकाळी ३८ फूट १० इंच, रात्री ४० फूट ३ इंच, किती वाढली? बरीच पोरं उसना घेताना १० घेतात आणि १ फूट ३ इंच सांगतात. मग टेप काढायची, फुटात १२ इंच असतात ते बघायचं, उत्तर १ फूट ५ इंच. आता धोक्याला किती कमी? २ फूट ९ इंच. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी येतं, पाच उघडले तर किती? ७१४० हे पोरगं स्वतः काढतं आणि मग बातमीत तोच आकडा ऐकून त्याचा चेहरा बघा. खेड्यात राहणाऱ्यांना दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल आहेच, लिटर, फॅट, दर, सगळं दशांशातलं.

७. बाहेरचं अभ्यासक्रम पुस्तक आधीच घेतलंय. आपल्या पोरांसाठी त्यात काय बदलावं?

आधी स्वल्पविराम. त्यांचं १००,००० आणि आपलं १,००,०००. मिलियन शिकलेलं पोरगं लाखाला अडखळतं, म्हणून मोठ्या संख्यांचा धडा बालभारतीतनंच घ्या. मग नाणी, डाइम आणि क्वार्टर काढून रुपये घाला. पाउंड, औंस, फॅरनहाइट सरळ सोडून द्या. फूट-इंच ठेवा, ते आपल्याकडं अजून घराघरात आहेत.

बाकी एका पानावरची सगळी उदाहरणं केलीच पाहिजेत असं अजिबात नाही. पहिली पाच सलग बरोबर आली की पान उलटा.

८. दोन मुलं आहेत, दोघांना एकच पुस्तक चालेल का? वेळ पुरत नाही.

पुस्तक एक चालेल, वेग एक चालणार नाही. गोष्टी, मोजमापं, आकृत्या, बाजार हे एकत्र घ्या आणि प्रश्न वेगळे विचारा, धाकटीला 'किती पावलं' आणि थोरल्याला 'मग क्षेत्रफळ किती'. आकडेमोड मात्र वेगवेगळी, वीस-वीस मिनिटं एकेकासोबत. सात-आठ वर्षांपर्यंत गणिताला रोज अर्धा तास बास होतो, फक्त रोज पाहिजे. आणि थोरल्यासमोर धाकटीचं कौतुक करताना जपा, ती पुढं गेली की थोरल्याच्या मनातनं गणित उतरतं ते परत चढवायला फार वेळ लागतो.

९. गणितात दोन वर्षं पुढं आहे पण लिहायला बसत नाही. पुढचं पुस्तक देऊ का थांबवू?

पुढचं द्या. हाताच्या गतीसाठी डोक्याला थांबवू नका. तोंडी उत्तरं घ्या, फळ्यावर करू दे, तुम्ही लिहा त्यानं सांगावं. पण रोज एक उदाहरण, एकच, पूर्ण पायऱ्यांसकट वहीत नीट लिहायचं असा नियम ठेवा. दहावीला पायऱ्यांना मार्क असतात आणि मोठ्या गणितात तोंडी करण्याची मर्यादा येतेच. चौकटीची वही दिली की आकडे एकाखाली एक येतात, निम्मी कटकट तिथंच संपते.

१०. मराठी व्याकरण कधी सुरू करू? नाम, सर्वनाम पहिलीपासून शिकवू का?

नको. आठ-नऊ वर्षांपर्यंत व्याकरणाचं वेगळं पुस्तक लागत नाही. भरपूर वाचून दाखवा, रोज दोन-तीन ओळी बघून लिहू दे, आठवड्यातनं एकदा श्रुतलेखन. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, पोराला वाचनालयाची सवय लावा, स्वतःचं पुस्तक स्वतः निवडू द्या.

मग तिसरी-चौथीला नावं द्यायला सुरुवात. शब्दांच्या आठ जाती एका दमात शिकवायच्या नाहीत. आधी नाम आणि क्रियापद, काही आठवड्यांनी विशेषण, मग सर्वनाम. शब्दयोगी आणि उभयान्वयी पाचवीनंतर आले तरी चालतात. कर्तरी, कर्मणी, भावे हे तर वाक्यातनंच शिकवा: 'राम आंबा खातो' आणि 'रामाने आंबा खाल्ला'. आंब्याच्या जागी चिंच घातली की दुसऱ्या वाक्यात खाल्लाचं खाल्ली होतं आणि पहिल्यात खातो तसंच राहतं. मग सीताला आणा, आता पहिलं बदलतं आणि दुसरं नाही. क्रियापद कुणाचं ऐकतंय हे पोरांना शोधायला मजा येते, व्याख्या नंतर आपोआप लक्षात राहते.

११. ऱ्हस्व-दीर्घ कधीच सुधारत नाही. नियम पाठ करून घेऊ का?

चौदा-अठरा नियम पाठ करून कुणाचंही लेखन सुधारलेलं मी बघितलं नाही. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमातले तीनच आधी घ्या, निम्म्याहून जास्त चुका त्यात येतात. एक, शब्दाच्या शेवटी इ-उ आला तर दीर्घ: पाणी, पेरू, कवी, गुरू. आणि, परंतु हे अपवाद. दोन, शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचं दीर्घ: गरीब, फूल, मूल, वीट. तीन, त्याच शब्दाला प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होतं: गरिबाला, फुलाचा, मुलाला, विटेवर.

संस्कृतातनं जसेच्या तसे आलेले शब्द दुसरा-तिसरा नियम पाळत नाहीत. गुण, विष, मंदिर ऱ्हस्वच, आणि शरीरचं शरीराला, परीक्षाचं परीक्षेलाच. अशा शब्दांची वेगळी यादी वहीच्या मागं वाढवत जायची.

चूक दिसली की लाल पेननं दुरुस्त करून देऊ नका. 'या ओळीत दोन नंबरच्या नियमाची एक चूक आहे, शोध' एवढंच सांगा.

१२. दहा वर्षाचा झाला तरी बोटं मोजतो, काल आलेलं आज येत नाही. पुस्तक बदलू का?

आधी पुस्तक न बदलता तपासा. नजर आणि कान दाखवून घ्या, मग दोन-तीन महिने रोज वस्तूंनी, चित्रांनी, कमी उदाहरणांनी शिकवून बघा. तरीही पाच आणि आठात मोठा कुठला हे पटकन सांगता येत नसेल, घड्याळ, पैसे, अंदाज सगळीकडंच अडत असेल तर डिस्कॅल्क्युलिया (आकड्यांचीच मुळातली अडचण) असू शकतो, आणि ते तज्ज्ञानं नीट तपासूनच ठरतं, मेसेजवरनं नाही. बोटं मोजणं बंद करायला लावू नका, त्याचा तो आधार आहे.

अभ्यासक्रमात काय बदलायचं? पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्या. एका वेळी एकच नवीन गोष्ट. मास्टरी पद्धत (प्रश्न ३) आणि त्यात मागच्याची रोज थोडी उजळणी. हिशोब, पैसे, वेळ, मोजमाप याला पहिला मान. एनआयओएसला दहावीसाठी गणित सक्तीचं नाही, त्यामुळं या पोरांची दहावी गणितावर अडून राहत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत असू दे, विशेषतः पोराला. पण त्रास नसलेल्या पोराचं गणित नुसत्या कंटाळ्यापायी सोडू नका, पुढचे बरेच कोर्स गणित मागतात.

१३. मुलगी 'मी आलो, मी जेवलो' म्हणते. व्याकरण चुकतंय का? पुण्याची मावशी सारखी टोकते.

चुकत नाहीये. कोल्हापुरात बायका, पोरी असंच बोलतात, आई, आजी, शेजारची काकू सगळ्या. ती जे ऐकते तेच अगदी नियमानं बोलते, कधी 'ती आलो' म्हणते का? नाही, ती आलीच म्हणते. म्हणजे तिच्या डोक्यात नियम पक्का आहे, फक्त तो इथला आहे. 'काय करालायस' पण तसंच, त्याला स्वतःची चाल आहे.

लिहिताना, परीक्षेत प्रमाण मराठी लागते ते शिकवायचंच, पण बोलणं पुसून नाही. वहीचं पान मधोमध दुमडा, एका बाजूला घरचं, दुसऱ्या बाजूला पुस्तकातलं. 'मी आलो' समोर 'मी आले', 'काय करालायस' समोर 'काय करतोयस'. तिलाच नियम काढू दे. अशा पोरींना लिंग आणि क्रियापद बदलणं हा धडा लई लवकर कळतो, कारण दोन्ही रूपं त्यांच्या तोंडात असतात. निबंधात संवाद लिहिताना पात्राला कोल्हापुरी बोलू द्या. मावशीला सांगा की टोकलेली पोरगी बोलायचीच बंद होते, आणि जी बोलत नाही ती लिहितही नाही.

१४. आमच्या घरी कन्नड बोलतात. मराठीत 'ते खुर्ची' म्हणतो, नियम कसा शिकवू?

नियम नाहीच इथं. पंखा तो, खुर्ची ती, टेबल ते, याला कारण सांगता येत नाही. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकच असतात त्यामुळं त्याला सगळं 'ते' वाटणं स्वाभाविक आहे. नवीन शब्द एकटा देऊ नका, विशेषण लावून द्या: मोठा पंखा, मोठी खुर्ची, मोठं टेबल. घरातल्या वस्तूंना तीन रंगांच्या चिठ्ठ्या लावा. बोलताना थांबवू नका, तुम्ही पुढच्या वाक्यात बरोबर रूप वापरा. विभक्तीचे तक्ते अशा पोरांना शेवटी.

१५. इंग्रजी व्याकरणाचं बाहेरचं पुस्तक घ्यावं का? इंग्लिश मीडियमची पोरं बोलतात आणि आमचं मागं पडेल असं वाटतं.

अमेरिकन होमस्कूल ग्रामर पुस्तकं ज्या पोरासाठी लिहिलीत त्याला इंग्रजी आधीच बोलता येतं. ती त्याला नाम ओळखायला शिकवतात, वाक्याचा आराखडा रेघांनी काढायला शिकवतात, ती १८७७ ची रीड आणि केलॉग यांची पद्धत अजून चालते. तो आराखडा काढता आला तरी आपल्या पोराचं 'ही गो' तसंच राहतं. त्याची गरज वेगळी आहे: अ, अॅन, द कधी, 'ही गोज'मधला स, प्रश्न विचारताना 'डू' आणि 'डज', आणि क्रियापद मधे येणं, आपल्याकडं ते शेवटी असतं.

म्हणून आधी ऐकणं, सोपी गोष्टीची पुस्तकं मोठ्यानं वाचणं, मग एक रचना घेऊन आठवडाभर तीच बोलणं. मराठीत नाम-क्रियापद कळलेलं असेल (प्रश्न १०) तर इंग्रजीत ते परत शिकवावं लागत नाही, नुसतं नाव सांगायचं. वाक्याचे आराखडे ज्याला गणितासारखं मांडणी आवडते त्याला बारा-तेराव्या वर्षी द्या, त्याला खरंच आवडतात.

१६. परत शाळेत घालायची वेळ आली तर? आम्ही धडे पुढंमागं केलेत.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणं सहा वर्षांवरच्या, शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्क पण आहे. तरी आधी तीन-चार महिने त्या इयत्तेचं बालभारती पुस्तक अनुक्रमणिकेनं तपासा, कुठले धडे राहिलेत तेवढेच घ्या. गणितात पायऱ्या लिहायची सवय (प्रश्न ९) आणि वेळ लावून पेपर सोडवणं, व्याकरणात शाळेचे शब्द, म्हणजे सामान्यरूप, विभक्ती, प्रयोग ही नावं. पोराला समजतं पण नाव माहीत नसतं म्हणून वर्गात गप्प बसतं, तेवढी नावं आधी सांगून ठेवा.

१७. 'शाहू महाराजांच्या गावात पोर शाळेत नाही?' असं आजोबा म्हणतात. काय सांगू?

आजोबांचं म्हणणं हलकं घेऊ नका. १९१७ ला महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता, आणि त्या काळात तो थोडा नव्हता. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाटीच मिळाली नव्हती त्यांच्या पोरांना ती मिळावी म्हणून ते होतं. त्यामुळं आजोबांना शाळा म्हणजे हक्क वाटतो आणि ते बरोबरच आहे.

तुम्ही त्यांना वही दाखवा. मार्च-एप्रिलची आणि आत्ताची, दोन्ही. बोलून पटत नाही ते वही बघून पटतं. आणि दर आठवड्याला त्यांना एक काम द्या, पाढे घेणं, पावकी शिकवणं, पेपरमधनं नदीची पातळी वाचून घेणं. ज्या घरात आजोबा शिकवायला बसलेत तिथनं हा प्रश्न परत कधी आलेला नाही.